मृगातला तेजोमेघ आणि महाकाय तारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीत आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू झाले की मेसेज यायला लागतात आणि त्यातले बरेचसे मृगातल्या तेजोमेघाबद्दल असतात. म्हणून मोठे तारे कसे बनतात आणि बनल्यावर आजूबाजूच्या गॅसचं काय करतात, एवढ्या एकाच विषयावरचे प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. उदाहरणं शक्यतो मृगातलीच घेतलीत, कारण जन्मापासून मरणापर्यंत सगळं त्या एका भागात बघायला मिळतं, आणि तो भाग अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

१. मृगात बाणाच्या खाली धुरकट ठिपका दिसतो, ते नेमकं काय आहे?

मृगाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणजे एका रेषेतले तीन तारे, सगळ्यांना ओळखता येतात. त्यांच्या दक्षिणेला काही मंद तारे ओळीत आहेत, त्यातला मधला "तारा" नीट बघा, तो ठिपक्यासारखा टोकदार दिसत नाही, पसरट दिसतो. तोच तेजोमेघ, मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने केलेल्या धूसर ठिपक्यांच्या यादीतला ४२ नंबरचा, म्हणून एम ४२. अंतर साधारण १,३५० प्रकाशवर्षं, रुंदी वीस-पंचवीस प्रकाशवर्षं. आत नुकतेच जन्मलेले हजारो तारे आहेत आणि मधोमध चार ठळक ताऱ्यांचा एक छोटा चौकोन, त्याला ट्रॅपेझियम म्हणतात. त्यातला सगळ्यात मोठा थीटा-१ सी, आणि हा सगळा गॅस चमकतोय तो मुख्यतः त्या एकाच्या जिवावर! पुढच्या उत्तरांत याचं नाव परत परत येणार आहे.

२. "मोठा तारा" म्हणजे किती मोठा? आकाराने की वजनाने?

वस्तुमानाने. सूर्याच्या साधारण ८ पट किंवा जास्त वस्तुमान असेल तर खगोलशास्त्रात त्याला मॅसिव्ह स्टार म्हणतात. सीमा ८ वरच का, तर त्याच्या वरचे तारे शेवटी सुपरनोव्हा होऊन फुटतात, खालचे तसे फुटत नाहीत. हे तारे ओ आणि बी या वर्गात येतात, पृष्ठभागाचं तापमान दहा हजार अंशांपासून चाळीस हजार अंशांच्याही पुढे. (सूर्याचं सुमारे साडेपाच हजार.) थीटा-१ सी सूर्याच्या तीस-चाळीस पट वजनाचा आहे, पण प्रकाश मात्र सुमारे दोन लाख पट. वजन थोडं वाढलं की तेज प्रचंड वाढतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

३. असे तारे किती असतात? आणि लवकर मरतात म्हणतात ते खरं का?

शे-दोनशे ताऱ्यांमागे एखादा. एडविन साल्पीटरने १९५५ साली पहिल्यांदा हिशेब मांडला की वस्तुमान वाढत जाईल तशी ताऱ्यांची संख्या किती वेगाने घसरते, आणि मोठ्या ताऱ्यांच्या बाबतीत तो हिशेब आजही बऱ्यापैकी लागू पडतो. आणि हो, लवकर मरतात. इंधन जास्त असतं, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त. सूर्य एकूण हजार कोटी वर्षं जगेल, थीटा-१ सी सारखा तारा पन्नास-साठ लाख वर्षं. म्हणून आकाशात असा तारा दिसला की समजायचं, याचं जन्मस्थान जवळपासच असणार, लांब जायला त्याला वेळच मिळालेला नाही. (अपवाद आहेत, प्रश्न १८ बघा.)

४. गॅसच्या ढगातून तारा बनतो कसा? थोडक्यात सांगा.

ज्या ढगातून तारे बनतात तो अतिशय थंड असतो, उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास. गॅस मुख्यतः हायड्रोजनचे रेणू, सोबत वजनाने साधारण एक टक्का धूळ. एखाद्या भागात गॅस इतका दाट झाला की त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण त्याच्या आतल्या प्रेशरला भारी पडतं, की तो भाग आत कोसळायला लागतो. जेम्स जीन्सने १९०२ मध्ये याचं गणित मांडलं. कोसळताना गॅस गरगरत सपाट होतो, मध्ये बालतारा, भोवती डिस्क, आणि दोन्ही ध्रुवांकडून जेट बाहेर.

प्रत्यक्षात ढग सरसकट कोसळत नाही, आतली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रं त्याला धरून ठेवतात. आपल्या आकाशगंगेत अशा गॅसचा साठा शंभर कोटी सूर्यांच्या घरात आहे, तरी वर्षाला नवीन तारे बनतात ते जेमतेम एक-दोन सूर्यांच्या वजनाचे. सगळं बिनविरोध कोसळलं असतं तर याच्या शंभरपट वेगाने तारे बनले असते. हा वेग इतका कमी का, याचं अर्धं उत्तर खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे हे मोठे तारेच. ते प्रश्न ९ पासून पुढे.

५. मग मोठा तारा बनताना वेगळं काय होतं? जास्त गॅस मिळाला की मोठा, एवढंच ना?

एवढंच नाही. सूर्यासारखा तारा आधी गॅस गोळा करतो, गोळा करणं संपतं, मग करोडो वर्षं हळूहळू आकसत जातो आणि नंतर आत हायड्रोजन पेटतो. म्हणजे आधी वाढ, मग पेटणं. मोठ्या ताऱ्याचं आकसणं काही हजार ते काही दहा हजार वर्षांत उरकतं, त्यामुळे वरून गॅस पडतच असतो आणि आत तारा पेटलेला असतो. तो वाढतावाढताच पूर्ण ताकदीने तळपायला लागतो, आणि हा प्रकाश वरून येणाऱ्या गॅसला बाहेर ढकलतो. वाढीचा वेगही वेगळा. लहान बालताऱ्यावर एक सूर्याएवढा गॅस पडायला लाखो वर्षं लागतात, मोठ्यावर तेवढाच गॅस काही हजार वर्षांत पडतो.

६. प्रकाशच गॅसला ढकलत असेल तर तारा वाढतो कसा? हे उलटं नाही का?

उलटंच आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कित्येक दशकं शास्त्रज्ञांच्या डोक्याला ताप होता. आधी ढकलतं काय ते समजून घ्या. नुसत्या हायड्रोजनवर या प्रकाशाचा फारसा जोर चालत नाही, जोर चालतो तो धुळीवर. धुळीचा कण ताऱ्याचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश गिळतो, धक्का खातो, तापतो आणि तीच एनर्जी इन्फ्रारेडमध्ये परत सोडतो, मग तो इन्फ्रारेड पुढच्या धुळीला धक्का देतो. धूळ गॅसमध्ये मिसळलेली असल्यामुळे गॅसही सोबत मागे रेटला जातो. १९७०-८० च्या दशकात लोकांनी हिशेब केला तेव्हा गॅस सगळ्या बाजूंनी सारखाच पडतोय असं धरलं होतं, आणि उत्तर आलं की साधारण ४० सूर्यांच्या वर तारा वाढूच शकत नाही. पण आकाशात तर शंभर सूर्यांचे तारे दिसत होते!

कोडं सुटलं ते "सगळ्या बाजूंनी सारखाच" हे गृहीतक सोडल्यावर. गॅस पडतो तो डिस्कमधून. डिस्क इतकी दाट असते की प्रकाशाला तिच्यातून घुसणं जड जातं, आणि प्रकाशाला वाट पाहिजे असते ती ध्रुवांकडे मोकळी मिळते, तिकडे जेटने आधीच भगदाड पाडलेलं असतं. म्हणजे प्रकाश वरखाली निसटतो आणि गॅस कडेने आत सरकत राहतो, दोघांची समोरासमोर गाठ फारशी पडतच नाही. ताऱ्याच्या अगदी जवळ तर धूळ साधारण १,५०० केल्विनला उडून जाते, म्हणजे तिथे धक्का खाणारंच कोणी उरत नाही. २००२ पासून पुढे झालेल्या सिम्युलेशनमध्ये ही अडचण एकेक करून सुटत गेली. या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं उत्तर हेच, कारण इथे नवीन भौतिकशास्त्र काहीच लागलं नाही, फक्त आकार नीट धरावा लागला.

७. काही ठिकाणी वाचलं की लहान तारे एकमेकांवर आदळून मोठा तारा बनतो. खरं आहे का?

मुख्य रस्ता तो नाही. टक्करीची कल्पना पुढे आली ती प्रश्न ६ मधली अडचण सुटलेली नव्हती तेव्हा. त्यासाठी तारे अतिशय दाटीवाटीने असावे लागतात आणि बहुतेक तारकापुंजांत तेवढी दाटी नसते.

खरा वाद आज वेगळा आहे. एक मत असं की मोठ्या ताऱ्यासाठी आधीपासूनच एक मोठा दाट गोळा तयार असतो आणि तो अख्खा कोसळतो. दुसरं मत असं की सुरुवात सगळ्यांची लहानच होते, पण पुंजाच्या मध्यभागी बसलेल्यांना आजूबाजूचा गॅस जास्त मिळतो आणि ते फुगत जातात. अलीकडच्या निरीक्षणांत गॅस लांब लांब धाग्यांमधून वाहत पुंजाच्या केंद्राकडे येताना दिसतो, त्यामुळे मला दुसऱ्या मताकडे झुकावंसं वाटतं, पण निकाल लागलाय असं नाही.

आता मृगातलीच एक घटना. तेजोमेघाच्या मागे दाट ढगात काही बालतारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि वेगवेगळ्या दिशांना फेकले गेले, आपल्याला दिसतंय त्या हिशेबाने साधारण ५०० वर्षांपूर्वी. त्या धक्क्याने गॅसच्या बोटांसारख्या धारा चारी बाजूंना उधळल्या, चिलीतल्या आल्मा टेलिस्कोपने त्यांचा फोटोच काढलाय. म्हणजे गर्दीत धक्काबुक्की होते हे नक्की, पण तारा वाढवायची ती नेहमीची पद्धत नव्हे.

८. हे तारे बनताना कोणी बघितलेत का, की सगळं कॉम्प्युटरवरच?

बघितलेत, पण साध्या प्रकाशात नाही. जन्म इतक्या धुळीत होतो की दिसणारा प्रकाश बाहेर येतच नाही. त्यासाठी इन्फ्रारेड आणि रेडिओ लागतं. प्रश्न ७ मधल्या त्या दाट ढगातलाच एक तारा बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांनी १९६७ साली इन्फ्रारेडमध्ये शोधला होता, साध्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. दुसरी खूण मिथेनॉलच्या रेणूंची, ६.७ गिगाहर्ट्झवर त्यांचा मेसर (लेसरसारखाच, पण रेडिओ लहरींचा झोत) चमकतो आणि हा मेसर फक्त मोठ्या बालताऱ्यांजवळच सापडतो. २०१५ साली एस-२५५ या भागातल्या सुमारे २० सूर्यांच्या बालताऱ्याचा मेसर अचानक भडकला, मग इन्फ्रारेडमध्ये बघितलं तर ताराही उजळलेला, म्हणजे डिस्कमधला मोठा घास त्याने एकदम गिळला होता. मोठे तारेही डिस्कमधूनच, आणि टप्प्याटप्प्याने वाढतात याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं अवघड.

आपल्याकडेही यावर बरंच काम झालंय, त्याची चर्चा मात्र फार कमी होते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा एक मीटरचा फार-इन्फ्रारेड टेलिस्कोप हैदराबादहून बलूनला बांधून वर सोडतात आणि त्याने तारे बनणाऱ्या कितीतरी भागांचे नकाशे केलेत. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्या कमी फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताऱ्यांनी तापवलेला गॅस आणि त्यांचे जेट बघतात. पुणे-नाशिक रोडने जाताना नारायणगाव लागलं की ही गोष्ट आठवा.

९. मोठा तारा पेटल्यावर आजूबाजूच्या ढगाचं काय होतं?

इथून खरी धामधूम सुरू होते. ताऱ्याचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, ९१.२ नॅनोमीटरपेक्षा छोट्या तरंगलांबीचा, हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. म्हणजे गॅस आयनित होतो. सूर्यासारखा तारा असा प्रकाश नगण्य देतो, ओ वर्गाचा तारा भरभरून देतो. ताऱ्याभोवती आयनित गॅसचा एक गोळा तयार होतो आणि तो किती मोठा होणार हे ठरतं एका हिशेबाने: दर सेकंदाला जेवढे अणू फुटतात तेवढेच परत जुळले की गोळा थांबतो. बेंग्ट स्ट्रॉमग्रेनने १९३९ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याचं नाव स्ट्रॉमग्रेन गोल.

पण गोळा तिथे थांबून राहत नाही. आतला गॅस आता साधारण १० हजार अंशांवर आणि बाहेरचा १०-२० केल्विनवर. आतलं प्रेशर शेकडो पट, मग तो फुगणारच. आयनित गॅस सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरू शकतो, आणि बहुतेक ढगांना तेवढा वेगवान गॅस गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवणं जमत नाही. ढगाच्या कडेला जिथे गॅस विरळ तिथे गोळा फुटतो आणि तापलेला गॅस बाहेरच्या पोकळीत ओतला जातो.

मृगात नेमकं हेच झालंय. थीटा-१ सी ढगाच्या आपल्याकडच्या कडेला आहे, त्यामुळे तेजोमेघ आपल्या बाजूला फुटून उघडा पडला आणि आपल्याला आतलं दिसतं. तोच तारा ढगाच्या पलीकडच्या बाजूला असता तर आपल्याला एम ४२ च्या जागी नुसता काळोख दिसला असता. मागे उरलेला मूळ ढग अजूनही प्रचंड आहे, सुमारे एक लाख सूर्यांच्या वजनाचा, आपण बघतो तो तेजोमेघ त्याच्या कातडीवरचा एक फोड आहे फक्त.

१०. फोटोत लाल-गुलाबी दिसतो, टेलिस्कोपमधून मात्र राखाडी-हिरवट. फोटो खोटे असतात का?

खोटे नसतात. इलेक्ट्रॉन परत हायड्रोजनला जुळताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, ऑक्सिजन ५०० नॅनोमीटरच्या आसपास हिरवा देतो. अंधारात आपल्या डोळ्याला लाल जवळजवळ दिसत नाही, हिरव्याला डोळा जास्त संवेदनशील, म्हणून हिरवट झाक. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतो, म्हणून त्याला लाल मिळतो. इन्फ्रारेड फोटोंची गोष्ट वेगळी, तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाला रंग नेमून दिलेले असतात.

११. ताऱ्यांचा "वारा" म्हणतात तो काय? आणि जास्त नुकसान कोण करतं, वारा की प्रकाश?

मोठ्या ताऱ्याचा प्रकाश इतका तीव्र असतो की तो ताऱ्याच्याच पृष्ठभागावरचा गॅस ढकलून काढतो. थीटा-१ सी चा वारा सेकंदाला सुमारे २,५०० किलोमीटर वेगाचा आहे आणि त्यातून जाणारं वस्तुमान सूर्याच्या वाऱ्याच्या एक कोटी पटीहून जास्त. हा वारा गॅसवर आदळला की लाखो अंश तापमानाचा एक्स-रे देणारा गॅस बनतो, एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या एक्स-रे टेलिस्कोपने तो मृगात पकडलाय.

कोण भारी, याचं एकच उत्तर नाही. बऱ्याच ठिकाणी आयनीकरणाचं पारडं जड असतं. पण २०१९ मध्ये सोफियाने, म्हणजे विमानात बसवलेल्या टेलिस्कोपने, एम ४२ च्या पुढच्या गॅसच्या पडद्याचा वेग मोजला तर तो सेकंदाला १३ किलोमीटरने आपल्याकडे येतोय, आणि तो फुगा मुख्यतः वाऱ्यानेच फुगवलाय असं निघालं. मोजमाप आयनित कार्बनच्या १५८ मायक्रोमीटरच्या प्रकाशात केलं होतं. टीआयएफआरच्या बलूनवरून (प्रश्न ८) हाच प्रकाश जपानी उपकरण लावून मोजलेला आहे.

१२. ते प्रसिद्ध खांब कसे बनतात? आणि ते आधीच नष्ट झालेत असं फिरत असतं, ते खरं का?

खांब म्हणजे गरुड तेजोमेघातले, एम १६ मधले, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर. हबलने १९९५ मध्ये त्यांचा फोटो काढला आणि जेम्स वेबने २०२२ मध्ये परत काढला. ढग सगळीकडे सारखा दाट नसतो. पावसात मातीच्या ढिगावर एखादा दगड असला की त्याच्याखालची माती वाहून जात नाही आणि तिथे छोटा सुळका उरतो, तसंच इथे होतं, टोकाशी दाट गोळा, त्याच्या सावलीत खांब. टोक नेहमी मोठ्या ताऱ्यांच्या दिशेला असतं, फोटो बघताना हे ताडून बघा. मृगातला घोड्याचं डोकं तेजोमेघही याच जातीचा, त्याच्यावर सिग्मा या ताऱ्याचा प्रकाश पडतोय.

नष्ट झाल्याची बातमी २००७ मधल्या एका दाव्यावरून आली. तिथे गरम धूळ दिसली आणि ती सुपरनोव्हाच्या झोताने तापली असेल असं सुचवलं गेलं. पण तिथले मोठे तारेही धूळ तेवढी तापवू शकतात, आणि अलीकडे तिथे सुपरनोव्हा झाल्याच्या बाकी खुणा मिळत नाहीत. खांब झिजतायत हे खरं, पण त्यांना अजून लाखो वर्षं आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.

१३. मोठे तारे ढग दाबून नवीन तारे बनवतात, की ढग उडवून तारे बनणं बंद पाडतात?

दोन्ही, पण सारख्या प्रमाणात नाही. फुगणारा गोळा समोरचा गॅस पातळ कवचासारखा गोळा करत नेतो, आणि ते कवच जड झालं की त्याचे तुकडे पडून त्यातून तारे बनू शकतात. एल्मग्रीन आणि लाडा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. दुसरी तऱ्हा म्हणजे आधीच असलेला गोळा चारी बाजूंनी तापून आत दाबला जातो. दक्षिण आकाशातला आरसीडब्ल्यू १२० हा गोल बुडबुडा याचं नेहमीचं उदाहरण, त्याच्या कवचात बालतारे सापडलेत.

पण इथे मला जरा थांबवावंसं वाटतं. कडेवर बालतारा दिसला म्हणजे तो दाबल्यामुळेच बनला हे सिद्ध होत नाही. तिथला गॅस आधीच दाट असेल, तारा तसाही बनला असता, फुगणाऱ्या कवचाने त्याला फक्त उघडा पाडला असेल. बऱ्याच सिम्युलेशनमध्ये एकूण हिशेब केला तर मोठे तारे जेवढे तारे बनवायला लावतात त्यापेक्षा जास्त बनणं रोखतात. ढगातला काही टक्केच गॅस ताऱ्यांत जातो, बाकीचा उडवला जातो, आणि प्रश्न ४ मधलं उरलेलं अर्धं उत्तर हेच. "मोठा तारा नवीन ताऱ्यांना जन्म देतो" हे वाक्य ऐकायला छान आहे, म्हणून ते जास्त वापरलं जातं.

मृगशीर्षाचे तीन मंद तारे माहीत असतील, चंद्राच्या नक्षत्रांत ज्यांना धरतात ते. त्यातला सगळ्यात ठळक लॅम्डा हा ओ वर्गाचा तारा आहे. त्याच्याभोवती आयनित गॅसचा गोळा आहे आणि त्याच्याबाहेर थंड ढगांचं भलंमोठं कडं, पौर्णिमेच्या चंद्राच्या दहापटीहून रुंद, नुसत्या डोळ्यांना मात्र त्यातलं काही दिसत नाही. मध्यभागातला मूळ ढग उडून गेलाय. हे पुढचं पान समजा: एम ४२ आज जिथे आहे, लॅम्डा त्याच्या पुढे गेलाय.

१४. त्याच पुंजातल्या लहान ताऱ्यांचं आणि त्यांच्या ग्रहांचं काय होतं?

लहान ताऱ्यांना फारसं काही होत नाही, त्यांच्या डिस्कचे मात्र हाल होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ओडेल यांना हबलच्या फोटोंत एम ४२ मध्ये थेंबासारखे आकार दिसले, शेपटी थीटा-१ सी च्या उलट दिशेला. त्या लहान ताऱ्यांच्या डिस्क होत्या, मोठ्या ताऱ्याच्या प्रकाशाने उकळून जाणाऱ्या. डिस्क लवकर संपली तर गुरूसारखे मोठे ग्रह बनायला गॅस पुरत नाही. पण दुसरी बाजूही आहे, २०२३ मध्ये जेम्स वेबला तिथल्याच एका डिस्कमध्ये मिथाइल कॅटायन हा रेणू सापडला, आणि अल्ट्राव्हायोलेटमुळेच तो बनायला मदत झाली असावी असं दिसतं. कार्बनचं पुढचं रसायनशास्त्र त्या रेणूपासून सुरू होतं.

१५. सुपरनोव्हा झाला की ढग पूर्ण संपतो का?

बहुतेक वेळा सुपरनोव्हा पोचेपर्यंत ढगाची बरीच वाट लागलेली असते. पहिला स्फोट व्हायला तीसेक लाख वर्षं तरी जातात आणि तोवर प्रकाश आणि वारा यांनी जवळचा गॅस साफ केलेला असतो. मग स्फोटाची एनर्जी मोकळ्या पोकळीतून लांबवर जाते आणि शेकडो प्रकाशवर्षांचे बुडबुडे फुगवते. मृगाच्या पूर्व बाजूला मोठी लाल कमान आहे, बर्नार्डचं कडं, फक्त लांब एक्स्पोजरच्या फोटोत दिसते. ती अशाच एका महाबुडबुड्याचा भाग.

आणि आपण स्वतः अशाच एका बुडबुड्यात आहोत! २०२२ मध्ये ताऱ्यांची अंतरं आणि वेग मोजणाऱ्या गायासारख्या मोहिमांच्या मोजमापांवरून दाखवलं गेलं की सूर्याभोवतीची हजार प्रकाशवर्षांची पोकळी गेल्या १.४ कोटी वर्षांतल्या साधारण १५ सुपरनोव्हांनी बनवलीय, आणि जवळपासचे तारे बनणारे ढग तिच्या कवचावरच आहेत. प्रश्न १३ मधल्या "दाबून तारे" या बाजूचा आजवरचा सगळ्यात भक्कम पुरावा मी याला मानतो.

१६. काक्षी पण मोठा तारा आहे ना? मग त्याच्याभोवती तेजोमेघ का चमकत नाही?

काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, सूर्याच्या पंधरा-वीस पट वजनाचा आहे, पण तो आता म्हातारा लाल महाराक्षसी तारा. पृष्ठभाग फुगून साडेतीन हजार केल्विनवर आलाय, त्यामुळे गॅस आयनित करणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश तो देतच नाही. तेज प्रचंड, पण चुकीच्या रंगात. तरुणपणी तो निळा होता तेव्हा त्याचा स्वतःचा तेजोमेघ असणार. राजन्य, म्हणजे रायगेल, सुमारे १२ हजार केल्विनचा आहे, तोही आयनीकरणाला कमीच पडतो, पण त्याचा निळा प्रकाश जवळच्या धुळीवरून परावर्तित होतो. म्हणजे मोठा तारा असणं पुरेसं नाही, तो गरमही पाहिजे आणि जवळ गॅसही पाहिजे.

१७. कृत्तिकांभोवती निळा धूसर गॅस दिसतो, तो त्यांच्या जन्माच्या ढगाचा उरलेला भाग आहे का?

नाही, आणि पूर्वी बऱ्याच ठिकाणी तसंच छापलेलं असायचं. कृत्तिका दहा कोटी वर्षांहून जुन्या आहेत, जन्माचा गॅस कधीच गेला. आज दिसते ती धूळ म्हणजे वाटेत आलेला दुसराच ढग, त्यातून त्या आत्ता चालल्यात. वेग मोजल्यावर हे कळलं, गॅसचा वेग आणि ताऱ्यांचा वेग जुळत नाही.

१८. काही मोठे तारे ढगाबिगापासून लांब एकटेच दिसतात. ते तिथेच बनले का?

बहुतेक पळालेले असतात. सारथीमधला एई आणि कपोतमधला म्यू, हे दोन तारे आकाशात एकमेकांपासून फार लांब आहेत आणि विरुद्ध दिशांना सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने चाललेत. त्यांचे मार्ग मागे नेले तर दोन्ही साधारण २५ लाख वर्षांपूर्वी मृगातल्या एकाच जागी भेटतात. दोन जोडताऱ्यांची गाठ पडली, हे दोघे फेकले गेले आणि उरलेले दोन आज एम ४२ च्या जरा खाली इओटा या ताऱ्यात एकत्र आहेत, असं मानतात. दुसरी तऱ्हा म्हणजे जोडीदाराचा सुपरनोव्हा होतो आणि उरलेला गोफणीतून सुटल्यासारखा जातो.

१९. धूळच कमी असेल, किंवा नसेलच, तर मोठे तारे बनतात का?

बनतात, कदाचित जास्त सहज. धूळ नाही म्हणजे प्रश्न ६ मधला अडथळा कमी. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या वेळी धूळ नव्हती आणि गॅस थंड व्हायलाही फारसे मार्ग नव्हते, म्हणून कोसळणारे गोळे मोठे आणि तारेही वजनदार, असं सिम्युलेशन सांगतात. वाढ थांबवायचं काम तिथे धूळ नाही, आयनीकरण करतं. प्रत्यक्ष उदाहरण हवं तर मोठ्या मॅगेलॅनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, धूळ आपल्याकडच्यापेक्षा कमी आहे, आणि २०२३ मध्ये आल्माने तिथल्या एका मोठ्या बालताऱ्याभोवती फिरणारी डिस्क शोधली. दुसऱ्या दीर्घिकेतली ती पहिलीच. धूळ कमी असल्यामुळे तो तारा साध्या प्रकाशातही दिसतो, आपल्याकडे असले तारे धुळीत गाडलेले असतात.

२०. मला एम ४२ बघायचाय. कधी, कसा? जूनमध्ये मृग लागतो तेव्हा दिसेल का?

जूनमध्ये नाही दिसणार. मृग लागतो म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात येतो, त्यामुळे तो भाग दिवसा वर असतो, आणि पावसाचे ढग वेगळेच. डिसेंबर ते मार्च बघा, जानेवारी-फेब्रुवारीत तर संध्याकाळी जेवणानंतर तो छान वर आलेला असतो. चंद्र नसलेली रात्र निवडा. साध्या १०×५० बायनॉक्युलरमधून पसरट ढग स्पष्ट दिसतो, तीन-चार इंची टेलिस्कोपमधून ट्रॅपेझियमचे चारही तारे सुटे होतात, आणि त्यातला सगळ्यात ठळक तो थीटा-१ सी. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या, मोबाईल खिशातच ठेवा, आणि थेट ढगाकडे न बघता नजर जरा बाजूला ठेवा, कडेचा फिकट भाग तसाच जास्त दिसतो.